पेवासारखी खोली

"वर कायबी जळू दे, खाली थंडच असते."

खुशालराव हे उठता-बसता म्हणत. चावडीवर दोघांचं जुंपलं तरी म्हणत, लग्नात पंगतीला उशीर होऊन पाहुणे तापले तरी म्हणत, आणि मे महिन्यात दर्यापूरच्या जीपमध्ये माणसावर माणूस बसलेला असला तरी घाम पुसत तेच म्हणत. नव्या माणसाला वाटे, हा कुणी मनाच्या शांतीबद्दल बोलणारा गृहस्थ आहे. तसं काही नव्हतं. ते पेवाबद्दल बोलत.

आमचं गाव पूर्णेच्या अलीकडे, खारपाणपट्ट्यात. चहूकडे काळी जमीन आणि मधल्या उंचवट्यावर घरं. ज्या मातीवर गाव बसलं तिला आम्ही पांढरी म्हणतो. कित्येक पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेणाचे सडे आणि मेलेल्या माणसांचे दिवस मिसळून ती माती झाली. काळी उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते. पांढरी दोन्ही करत नाही. ती मुकी, कोरडी माती. तिच्यात पूर्वी पेवं असत. माणूस आत उभा राहील एवढे खोल खड्डे, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून तुराट्या आणि कडब्याचा थर लावायचा, त्यात ज्वारी भरायची आणि तोंडावर दगड ठेवून लिंपून टाकायचं.

पेव उघडायचा मान खुशालरावांच्या घराण्याकडे होता. दगड सरकवला की आधी दोरीनं कंदील सोडायचा. विझला तर थांबायचं, कारण कोंडलेली हवा माणूस मारते. जळत राहिला तर त्यांचे आजोबा उतरत आणि मागोमाग नातवाला उतरवून घेत. वर वैशाख पेटलेला आणि खाली गार अंधार, ज्वारीचा आंबूस वास. पुढे पेवं बुजली, गोदामं आली, आजोबा गेले. पण तो गारवा खुशालरावांच्या अंगात कुठंतरी राहिला. त्यांच्या बोलण्यात तोच सारखा वर येई.

त्यांच्या बायकोला, मैनाबाईंना, ऊन लागलं ते एका लग्नातून परत येताना. बसथांब्यावर उभ्या उभ्या खाली कोसळल्या. अमरावतीला नेईपर्यंत अंग तव्यासारखं झालं होतं. वाचल्या. पण डॉक्टरांनी खुशालरावांना बाजूला घेऊन सांगितलं की, आता यांच्या शरीराला उन्हाळा झेपणार नाही, दुपारभर थंड खोलीत ठेवा, पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही.

आणि तसंच होऊ लागलं. होळी झाली की त्यांची जीभ जड व्हायची, हात थरथरायचे, पोळी लाटता लाटता त्या भिंतीला टेकायच्या. गावात दुपारी लाईन नसते, असली तरी एसी ओढण्याइतकी नसते. कूलर लावला तर आमच्या खाऱ्या पाण्यानं त्याच्या पडद्यांवर मिठाचे थर चढले आणि त्या दमट हवेत मैनाबाईंना श्वास पुरेना.

त्यांची लेक चंदा अकोल्याला. जावई योगेश चांगला माणूस, फ्लॅट नवा, एसी, लाईन गेली तर इमारतीचा जनरेटर. चंदा फोनवर सारखी म्हणायची, "आईले उन्हाळाभर माह्याकडे पाठवा. तुमी बी या."

खुशालराव फोन कानापासून लांब धरत. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी जातो तो पाहुणा म्हणून. चहा घेतो, नातवंडांच्या हातावर काही ठेवतो, दिवस मावळायच्या आत निघतो. जावयाच्या घरी खाट टाकून राहणाऱ्याला गाव मागून नावं ठेवते, आणि खुशालरावांनी स्वतः तशी नावं ठेवली होती. म्हणजे मैनाबाई गेल्या तर एकट्या जाणार. बाळंतपणं सोडली तर लग्नापासून त्या दुसऱ्या छपराखाली निजल्या नव्हत्या.

"मी नाई जात," मैनाबाई म्हणाल्या. "मरन तर इथंच मरन."

"कोनी मरत नाई," खुशालराव म्हणाले. "मी करतो काई."

त्या सुमारास मुलगा गोपाल घर बांधायला निघाला होता. तो रेल्वेत गार्ड, बडनेऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहायचा. बडनेऱ्याच्या पुढे जुन्या कपाशीच्या, पऱ्हाटीच्या वावरात लेआउट पडला होता, त्यात त्याचा प्लॉट. त्याची बायको प्रणाली एका बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढायची. खुशालरावांनी दोघांना सांगितलं की, घरात माझा हिस्सा घाला, शेताचा तुकडा मी देतो, पण घराखाली मला एक खोली पाहिजे. तुझ्या आईची खोली. उन्हाळ्यात आम्ही दोघं तिथं राहू.

मग त्यांनी ती खोली आधी गावातच काढली. खळ्यावर चुन्याची फक्की घेऊन त्यांनी खऱ्या मापाची खोली आखली: पायऱ्या, खाट, पाण्याचा माठ, देवाचा कोनाडा. सकाळच्या कोवळ्या उन्हात मैनाबाईंना हाताला धरून त्या रेघांमध्ये फिरवलं. आम्ही चार शेजारी कट्ट्यावर बसून पाहत होतो.

"हे दार. इथून उतराचं. पायऱ्या बुटक्या ठेवतो, तुह्ये गुडघे दुखतात. अन् या हाताले कठडा."

"अवो, मी काय ज्वारी आहो का, मले पेवात भरून राहिले ते?"

"ज्वारी बोलत नाई. तू तथी बी बोलशीन."

"अन् हे काय?"

"झरोके. छताच्या खाली, जमिनीच्या वर. हवा एकीकडून येईन, दुसरीकडून जाईन."

"त्यातून दिसन काय?"

"रस्त्यानं जानाऱ्याचे पाय."

मैनाबाई हसल्या. "मंग मी मानसं पायानं वयखाले शिकीन." आणि रेघेच्या आत उभ्या राहून म्हणाल्या, "पन सूर्य कुठी आला हे कसं समजन मले?"

"मी सांगाले येत जाईन ना," खुशालराव म्हणाले.

प्रणालीनं सासऱ्याचं म्हणणं उडवून लावलं नाही. तिनं नकाशा काढला आणि जमिनीवर पसरून समजावला. खोली अर्धी खाली, अर्धी वर. कमरेइतकंच खोदायचं. भिंती लोखंड घालून काँक्रीटच्या. बाहेरून भिंतीभोवती गिट्टी भरायची आणि तळाशी पाईप टाकून पाणी लांब काढायचं. संडास खाली नको, कारण पाणी वर चढवायला पंप लागेल आणि लाईन गेली की पंप बंद. तो जिन्याच्या मधल्या टप्प्यावर ठेवू, म्हणजे आईंना अर्ध्याच पायऱ्या चढाव्या लागतील. ही शेवटची गोष्ट खुशालरावांना फार आवडली. बाकीची नाही.

"कमरेइतक्या खड्ड्यात गारवा नसते, पोरी. तथी फक्त बेंडकं असतात."

"बाबा, ही काळी जमीन आहे. जितकं खोल जाल तितकी ती भिंतीला जास्त ढकलेल."

"पेवाले कोनं ढकललं?"

"पेव पांढरीत होतं."

या एका वाक्यावर खुशालरावांनी नकाशा गुंडाळून ठेवला, कारण ते खरं होतं आणि त्यांना प्रणालीच्याही आधीपासून माहीत होतं. आठवडाभर ते प्लॉटवर जाऊन नुसते उभे राहत. वरून लेआउटवाल्यानं टाकलेला मुरूम होता. खाली काय असेल ते पायानं चाचपून कळत नाही.

खोदकाम बडनेऱ्याच्या अब्दुल सत्तार मिस्त्रींनी घेतलं. त्या दिवशी गोपाल गाडीवर भुसावळकडे गेलेला, प्रणाली ऑफिसात. काठावर खुशालराव एकटे, डोक्याला दुपट्टा बांधून. नकाशातल्याप्रमाणे कमरेइतकं खोल जाईपर्यंत काळीच निघाली, ओली, चिकट, फावड्याला धरून बसणारी. मिस्त्रींनी माणसं थांबवली.

"खुशालभाऊ, कंबर झाली. आता तळ करू?"

"जरा अजून जाऊ द्या."

"नकाशात नाही."

"नकाशा माह्या सुनेनं काढला, घर माह्या बायकोचं हाये. जाऊ द्या."

अजून हातभर गेले आणि मातीचा रंग बदलला. काळा सरून राखट, पिवळसर झाला, त्यात पांढरे खडे. खुशालराव खड्ड्यात उतरले. त्यांनी मूठ भरून माती घेतली, बोटांत चोळली, नाकाशी धरली, जिभेवर ठेवली. मिस्त्री नंतर सांगत की, म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"लागली! सत्तारभाई, पांढरी लागली!"

"भाऊ, हे तर चुनखडीवानी दिसून राहिलं."

"तुमी विटा वयखा. माती मी वयखतो. इथं पयले गाव असन. उठून गेलं असन, पन त्याची पांढरी खाली ऱ्हायली. मैनासाठी ऱ्हायली समजा!"

मिस्त्रींनी खांदे उडवले. "मकान तुमचं, वहिनी तुमच्या. हात तेवढे आमचे."

काळ्या जमिनीखाली खोलवर अशी चुनखडीची माती असतेच. रंग राखेचा, पण स्वभाव काळीचाच. ती पाणी धरते, फुगते, सुकली की आक्रसते. आमच्या विहिरी खोदणाऱ्यांनी ती पाहिलेली. खुशालरावांनीही पाहिली असणार. पण माणसाला जे पाहिजे असतं ते एकदा हातात लागलं की तो त्याच्याकडे नीट पाहत नाही. पुढं त्यांनी त्या उठून गेलेल्या गावाची गोष्ट इतक्या जणांना सांगितली की, लेआउटमधली माणसं चहा पिता पिता त्या गावाला नाव काय असावं यावर बोलू लागली.

प्रणाली संध्याकाळी आली तेव्हा खड्डा डोक्याच्या वर गेला होता. तिनं काठावरचं एक ढेकूळ उचलून फोडून पाहिलं.

"बाबा, ही पांढरी नाही."

"मी पांढरीत जन्मलो, बाई. तू कॉलेजात."

"मग निदान भिंत तरी काँक्रीटची करू. आणि बाहेरचा पाईप..."

"भिंत विटांची, चुन्यात. पेवाची भिंत श्वास घेते. सिमेटात कोंडलं तर तिथं मानूस राहीन का?"

गोपाल दुसऱ्या दिवशी परतला. बापाचं ऐकलं, बायकोचं ऐकलं. रात्रपाळीनं डोळे सुजलेले होते. शेवटी तो प्रणालीला एवढंच म्हणाला, "त्यांनी आजवर माह्याकडे काई मागतलं नाई." आणि भिंत विटांची झाली, खोली खोल झाली, बाहेरचा पाईप राहून गेला.

पहिला उन्हाळा खरंच पेवासारखा गेला. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर खुशालरावांवर अन्याय होईल. रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि खाली मैनाबाई पातळाचा पदर अंगभर घेऊन वाती वळत बसायच्या. त्यांची जीभ मोकळी झाली, हात थरथरायचे थांबले. शेजारच्या बायका दुपारी भाज्या निवडायला तिथंच यायच्या. झरोक्यातून पाय दिसायचे आणि मैनाबाई हाक मारायच्या, "अवं, नवी चप्पल घेतली वाट्टे!" रस्त्यावरची बाई दचकायची, खालून हशा उठायचा. खुशालराव दर थोड्या वेळानं जिन्याच्या तोंडाशी येऊन सांगायचे, "आता ऊन निंबावर आलं... आता पान्याच्या टाकीवर... आता उतरलं, ये वर." त्या उन्हाळ्यात त्यांच्याएवढा सुखी माणूस मी पाहिला नाही.

उन्हाळा सरला तरी दोघं गावी परतले नाहीत. आषाढात भिंतीच्या पायथ्याशी घाम आला. आधी पुसला तर जाई. मग पुसला तरी येई. मग फरशीच्या सांध्यांतून पाणी झिरपू लागलं आणि खोलीला वास लागला. ज्वारीचा नव्हे, नांगरलेल्या ओल्या वावराचा. मैनाबाईंना खोकला लागला, त्यांना वर आणलं. खुशालराव रोज बादली आणि फडकं घेऊन उतरत आणि बराच वेळ वर येत नसत. प्रणालीनं पाणी उपसायला मोटर बसवून दिली. रस्त्याकडची भिंत मध्ये पोट काढून आत येते आहे हे तिला पोळ्याच्या सुमारास दिसलं. तिनं ते गोपालला सांगितलं, सासऱ्यांना नाही. पण खुशालराव रोज त्या भिंतीवर हात ठेवत. त्यांना ते तिच्याही आधी कळलं असेल.

हिवाळ्यात माती सुकू लागली. फुगून भिंतीला ढकलणारी जमीन आता मागं सरली आणि भिंतीमागं बोटं जातील एवढी भेग पडली. वर पुढच्या खोलीत दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, मग दुसरी. माघ संपता संपता एका सकाळी खाली मोठा आवाज झाला. भिंतीचा मधला भाग सुटून विटा मैनाबाईंच्या खाटेवर पडल्या होत्या. त्या अंगणात तुरी पाखडत होत्या. सूप हातातच राहिलं.

सत्तार मिस्त्री आले, बल्ल्यांचे टेकू लावले, आणि सगळं पाहून बाहेर आल्यावर खुशालरावांशी नव्हे, गोपालशी बोलले. "पुढचं अख्खं घर अधांतरी हाय. कोनी झोपू नका इथं."

प्रणालीनं 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही. तिनं कागद घेतला, मागच्या दोन खोल्या वाचवायच्या असतील तर पावसाच्या आत तो खड्डा मुरुमानं भरून, थर थर दाबून घ्यावा लागेल, असं समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही. खुशालराव तिच्यासमोर मान खाली घालून बसले होते. मला वाटतं, ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

घराला कुलूप लागलं. सगळे आधी सोडलेल्या क्वार्टरजवळ दोन भाड्याच्या खोल्यांत आले. वर टिनपत्रे. होळी झाली आणि पत्रे तापू लागले, आणि एका दुपारी भाकरी थापताना मैनाबाईंचा हात परातीतच थांबला. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, शब्द येईना.

खुशालरावांनी ओलं फडकं त्यांच्या कपाळावर धरलं. मैनाबाईंची जीभ सुटल्यावर म्हणाले, "तू चंदाकडे जाय."

"अन् तुमी?"

"मी येतो पोचवाले."

मैनाबाईंनी भांडण केलं नाही. हेच जास्त वाईट होतं.

पुढचं चंदानं आम्हाला सांगितलं. दोघं सकाळच्या गाडीनं अकोल्याला आले. फ्लॅट चौथ्या मजल्यावर. आत पाऊल टाकताच गारवा लागला तसे खुशालराव उंबऱ्यातच थबकले. मग त्यांनी मैनाबाईंना आत पलंगावर बसवलं, उशी मागं सरकवून दिली, एसीचं वारं थेट तोंडावर येतं का ते हात धरून पाहिलं.

योगेश म्हणाला, "बाबा, तुमची बी खाट टाकली आहे. आता कोन काय म्हनते ते सोडा."

"नाई, जावईबापू. उद्या मुरूम येनार हाये. मी उभा नसन तर पोरं तसाच ओततीन, दाबनार नाईत. मंग मागचं बी बसन."

"ते गोपालदादा पाहतील ना."

"गोपालची ड्युटी हाये." त्यांनी चहा घेतला. बशीत ओतून, न फुंकता. कप स्वतः उचलून मोरीत ठेवला. "अन् खड्डा माहा हाये."

मैनाबाई पलंगावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "तितलं भरून झालं की येसान ना?"

"येतो ना. भेटाले येतो."

"भेटाले," मैनाबाई म्हणाल्या.

खुशालरावांनी दाराशी वाकून चपला घातल्या. एक अंगठा पट्ट्यात जाईना, म्हणून भिंतीला हात टेकावा लागला. योगेश सोडायला उठला तर त्याला खांद्यावर हात ठेवून बसवलं. लिफ्टमध्ये त्यांना बसायचं नव्हतं, जिन्यानं उतरले.

चंदा आईला धरून खिडकीशी घेऊन आली. खिडकी बंद होती, काच मोठी, तिच्यावर निळसर कागद लावलेला. बाहेर दुपार अशी पांढरी झाली होती की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खुशालराव फाटकातून बाहेर पडले. समोर रिक्षा उभी होती, तिच्यातला माणूस काही बोलला, यांनी मान हलवली आणि चालू लागले. दुपट्टा डोक्यावर घेतला, पण बांधला नाही, त्याचं एक टोक लोंबत राहिलं. सावली घराघरांच्या भिंतींना चिकटली होती. ते रस्त्याच्या मधून गेले.

वळणाच्या थोडं अलीकडे ते थांबले, मागं फिरले, कपाळावर हात धरून इमारतीकडे पाहिलं. सगळ्या खिडक्या सारख्या, सगळ्या बंद. त्यांनी एक खिडकी निवडली आणि तिच्याकडे पाहून हात वर केला. ती तिसऱ्या मजल्यावरची होती, दुसऱ्या कोणाची.

"आई, तू नाई दिसली त्याहीले," चंदा म्हणाली.

मैनाबाईंनी काचेवर तळहात ठेवला. खुशालराव थोडा वेळ तसाच हात धरून उभे राहिले, मग वळले आणि बसस्टँडच्या रस्त्यानं चालत गेले.